माणिकअण्णांचं ऊन

ढगाला शिटी मारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज बघत होते. औरादच्या नव्या प्लॉटात आमच्या आणि त्यांच्या स्लॅबमध्ये गुडघाभर उंचीची एकच भिंत आहे. सकाळी मी धुणं वाळत घालायला वर गेले की पलीकडे माणिकअण्णा उभे असायचे. अंगात बनियन, खाली खाकी पँट, गळ्यात दोरीला अडकवलेली शिटी आणि नजर आभाळात. सूर्यावर ढग आला की एक शिटी. "होल्डान! कुठं घुसायलास मधीच?" ढग सरकला की दोन शिट्या. "रायट! चल पुढं!" ढग काही त्यांचं ऐकत नसे. पण उदगीरच्या गाडीतले पॅसेंजर तरी कुठं ऐकत होते, असं ते म्हणायचे.

अण्णा जन्मभर सरकारी बसवर कंडक्टर होते, औराद-उदगीर गाडीला. रिटायर झाल्यावर तिकिटांची पेटी सोडली, पण शिटी काही सोडली नाही. तीच गळ्यात घालून बाजारात जायचे, तीच घालून जेवायचे.

ढगानंतर त्यांची दुसरी वैरीण म्हणजे मी. मी अंगणवाडीत शिकवते, म्हणून ते मला टीचरबाई म्हणतात. माझं धुणं आणि त्यांच्या स्लॅबवरचं सोलरचं पॅनल यांच्यात रोज कज्जा.

"टीचरबाई, तुमच्या लुगड्याची सावली पडायलीय!"

"लुगडं न्हाई अण्णा, साडी हाय."

"सावलीला काय कळतंय त्यातलं? सरकवा आधी. ऊन वाया जायलंय!"

"एवढीशी कोपऱ्यावर पडलीय की."

"एवढीशीच बास हुती. दारात एक माणूस आडवा उभारला की सगळी गाडी थांबती का न्हाई? तसंच हाय हे." आणि वर एक शिटी, माझ्या तोंडावर. मी फटकळ आहे, कुणाचं ऐकून घेत नाही. पण शिटीला काय उत्तर देणार? साडी सरकवावी लागायची.

'ऊन वाया जायलंय' हे त्यांचं पालुपद होतं. रस्त्यात कुणी भेटलं, रामराम झाला, की पुढचं वाक्य हेच. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. "आमच्या बापाच्या जन्मात सगळं ऊन मेंढराच्या पाठीवर गेलं," अण्णा हळहळायचे. "एक थेंब साठवला न्हाई म्हाताऱ्यानं." ऊन थेंबांनी मोजतात हे मला तेव्हाच कळलं.

ते सोलर त्यांनी स्वतः बसवलं होतं. मोबाईलवर बघून बघून शिकले, मग उदगीरला जाऊन पॅनल घेतलं आणि त्याला लगेजचं तिकीट काढून बसनेच आणलं. सबंध रस्ता खिडकीपाशी त्याला धरून उभे होते. बसायला जागा असून बसले नाहीत. पॅनल, बॅटरी, मध्ये तो चार्ज कंट्रोलरचा डबा आणि एक बल्ब, एवढाच संसार. पण गल्लीत ज्याला त्याला धरून ते समजावून सांगायचे. "हे पॅनल म्हंजे बसष्टाप. हितं ऊन चढतंय. बॅटरी म्हंजे गाडी. आन् हा मधला डबा हाय न्हवं, हा चेकर. गाडी फुल झाली की एकाला चढू देत न्हाई, आन् खाली व्हायला आली की एकाला उतरू देत न्हाई. लई कडक माणूस." वायर जोडताना आधी बॅटरी जोडायची आणि पॅनल मागून, हे तर त्यांनी आमच्या अंगणवाडीतल्या पोरांनासुद्धा पाठ करून घेतलं. "आधी गाडी उभी करावं, मग पॅसेंजर घ्यावं!" पोरं दिवसभर तेच ओरडत होती. वरून साहेब तपासणीला आले, त्यांनी कविता म्हणा म्हटल्यावर हेच ऐकवलं.

आता एवढ्या खटाटोपाचा बल्ब माणूस कुठं लावेल? घरात. अण्णांनी तो दाराबाहेर ओट्यावर लावला. संध्याकाळी करंट गेला की आत मिट्ट काळोख, पाहुणे एकमेकांच्या पायावर पाय देतायत, आणि बाहेर ओट्यावर लख्ख उजेड. गल्ली हसायची. घरात आमुशा आन् दारात दिवाळी म्हणायची. मी हसत नव्हते, कारण तो उजेड कुणासाठी आहे हे मला माहीत होतं. तिथं खुर्चीवर सोजराक्का बसलेल्या असायच्या.

सोजराक्का म्हणजे अण्णांची बायको. मूलबाळ नाही, दोघंच. दोन-तीन वर्षांपासून आक्का सगळं विसरायला लागल्या होत्या. आधी चुलीवरचं दूध, मग गल्लीतली नावं, मग नवरा. दिवसा ठीक असायच्या. पण तिन्हीसांजेला करंट गेला आणि एकदम अंधार झाला की त्या उठायच्या, कापडी पिशवीत दोन लुगडी कोंबायच्या आणि बस स्टँडच्या वाटेला लागायच्या. माहेरी जायचं. माहेर उदगीरच्या अलीकडे, नवऱ्याच्याच गाडीच्या रस्त्यावर. आता तिथं कुणी उरलं नव्हतं. दोनदा त्या हमरस्त्यावर ट्रकच्या उजेडात उभ्या सापडल्या. उजेड असला की मात्र उठत नसत. म्हणून तो बल्ब आणि म्हणूनच ते सगळं ऊन. संध्याकाळी करंट नसताना तो बल्ब जळत राहायला हवा, एवढीच अण्णांची काळजी होती.

उजेड असूनही एखाद्या दिवशी आक्का चुळबुळ करायच्या. अण्णांकडे बघून विचारायच्या, "कंडक्टर, गाडी कवा सुटनार?"

"सुटली की बाई. बसून घ्या." अण्णा दोन शिट्या मारायचे. आक्का खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसायच्या, गाडी हलल्यासारख्या. थोड्या वेळाने पुन्हा, "उदगीर आलं का?"

"अजून लांब हाय बाई. आलं की सांगतो."

त्यांच्या गळ्यातली शिटी का सुटत नव्हती, ते मी अशा एका संध्याकाळी पाहिलं. ढग आणि माझी साडी हा तिचा वरकड वापर होता. त्यानंतर मी भांडत राहिले, पण साडी आधीच लांब घालू लागले.

एवढं सगळं करून अण्णांनी एक चूक केली होती, आणि ती सुधारायला ते तयार नव्हते. पॅनल त्यांनी पूर्वेला तोंड करून बसवलं होतं, आणि तेही दारासारखं जवळजवळ उभं. देवाचं तोंड पूर्वेला, घराचं दार पूर्वेला, सूर्य उगवतो पूर्वेला, मग पॅनल दुसरीकडे कसं बघेल? सकाळी ते छान भरायचं. दुपार कलली की सूर्य त्याच्या पाठीमागे जायचा आणि पॅनल नुसतं उभं. बॅटरी निम्मी भरली तर भरली. उदगीरच्या दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, जरा आडवं करा आणि तोंड दक्षिणेला फिरवा, म्हणजे दिवसभर ऊन मिळेल. अण्णांनी त्याचं नाव टाकलं.

मीही सांगून बघितलं. "अण्णा, ऊन वाया जायलंय म्हणता आन् निम्मं तुमीच घालवायलाव. फिरवा की दक्षिणंला."

"दक्षिण यमाची हाय, टीचरबाई."

"कुठला यम? आमच्या आजोबानं बुद्धाचा धर्म घेतला त्याच दिवशी यमाला घरातून रजा दिली."

"तुमी रजा दिली म्हनून तर तो माझ्याकडं आलाय." हे बोलून ते हसले, आणि मग हसू तसंच राहून गेलं. "दक्षिणंला तोंड करून दिवा कवा लावतेत, ठावं हाय न्हवं तुमाला?"

मला ठाऊक होतं. त्यांच्यात माणूस गेलं की त्या जागेवर पीठ पसरतात आणि दिवा ठेवतात. वात दक्षिणेकडे. एरवी तिकडे तोंड करून दिवा कुणी लावत नाही.

"हे बी दिव्याचंच तोंड हाय," अण्णा पॅनलवर हात ठेवून म्हणाले. "जिती बाई खाली खुर्चीत बसलीय, आन् मी तिच्या डोस्क्यावर दक्षिणंला तोंड करू? माझा हात व्हनार न्हाई."

मला राग आला. अडाणीपणा म्हणून झटकून टाकता आलं असतं, पण समोरचा माणूस भीतीने बोलत होता, आणि ती भीती स्वतःसाठी नव्हती. मी खाली निघून आले.

भादव्यातली गोष्ट. त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. अण्णांनी स्लॅबवर शिट्या मारून, ढगांवर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. दुपारी आभाळ उघडलं आणि असं ऊन पडलं की माझी जाड चादर तासाभरात वाळली. ते सगळं ऊन पॅनलच्या पाठीवर पडत होतं. अण्णा त्याच्यापुढे उकिडवे बसलेले मी पाहिले. एकदा त्यांनी पाना हातात घेतला, बोल्टला लावला आणि काढून खिशात ठेवला.

संध्याकाळी करंट गेला. अण्णा आत गॅसवर चहा ठेवत होते. ओट्यावरचा बल्ब थोडा वेळ जळला आणि विझला. गाडी रिकामी व्हायला आली होती, चेकरने आपलं काम केलं. मला शिटी ऐकू आली, पण नेहमीसारखी नाही. एक, एक, एक, थांबेचना. "होल्डान! बाई, होल्डान!" सगळी गल्ली मोबाईलच्या उजेडात बाहेर आली. स्टँडच्या रस्त्याला पाण्याच्या पाइपासाठी चर खणला होता, त्यात आक्का पडल्या होत्या. पिशवी छातीशी धरलेली. अण्णा चरात उतरले, तेव्हा त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "किती उशीर केलाव, कंडक्टर."

"रस्ता खराब हाय बाई," अण्णा म्हणाले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बीदरला नेलं, परत आणलं. या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, घरीच सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी ओट्यावरचा बल्ब काढून आक्कांच्या बाजेवर लावला. त्या घरात पहिल्यांदाच करंट गेल्यावर उजेड दिसला. आता त्यांना कुठं जाता येणार नव्हतं, तरी अण्णा अंधार पडू द्यायला तयार नव्हते. बल्ब विझला की कंदील लावायचे. पॅनल पूर्वेलाच होतं.  ते फिरवायला हवं होतं हे आता सगळ्या गल्लीला कळत होतं.

दिवाळीच्या आधी आक्का गेल्या. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सुटली बिचारी. मातीहून परत आल्यावर भावकीतल्या एका म्हातारीने बाजेची जागा सारवली, पीठ पसरलं, दिवा ठेवला आणि वात दक्षिणेकडे केली. अण्णा भिंतीला टेकून ते बघत होते. मग उठले आणि जिन्याने वर गेले. लोकांना वाटलं, एकटंच रडायचं असेल, जाऊ द्या.

मी आमच्या स्लॅबवरून बघितलं. ते पान्याने बोल्ट ढिले करत होते. गंजले होते, हात घसरत होता. मी भिंत ओलांडून पलीकडे गेले आणि पॅनलची एक कड धरली. दोघांनी मिळून ते आडवं केलं आणि दक्षिणेला फिरवलं. अण्णांनी बोल्ट आवळले.

"आता कुनाला भ्यायचं," ते म्हणाले. मग मातीसाठी नेसलेल्या धोतराच्या सोग्याने काच पुसायला लागले. मला रडू आवरेना, म्हणून मी खाली बघत पाना हातात घेऊन उभी राहिले.

तेव्हापासून त्यांची बॅटरी रोज भरते. दुकानदार म्हणाला होता तसंच. अण्णांनी बल्ब पुन्हा ओट्यावर लावलाय. करंट असो नसो, दिवेलागणीला लागतो आणि उजाडेपर्यंत जळतो. खाली त्या खुर्चीत आता अण्णा बसतात. मी एकदा म्हटलं, "अण्णा, एवढा करंट साठायलाय, आत बी एक बल्ब लावा की."

"आत कोन हाय?" ते म्हणाले.

काल सकाळी ऊन चांगलं होतं. अण्णा स्लॅबवर बसले होते, शिटी गळ्यात होती. मी धुणं घेऊन वर गेले आणि माझी सगळ्यात मोठी साडी मुद्दाम भिंतीलगतच्या दोरीवर पसरून घातली. सावली सरळ पॅनलवर पडली, निम्म्याहून जास्त. मी चिमटे लावत उभी राहिले. एकदा मोठ्याने खाकरलेसुद्धा. अण्णांनी सावलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागले. साडी पूर्ण वाळेपर्यंत मी तिथंच थांबले. शिटी वाजली नाही.