बत्तीस वेळा एकच दाढ

जेवणाच्या टेबलावर ज्याचं ऑफिस असतं, त्याला घरात कुणी कामाचा माणूस समजत नाही. जावयाचं तेच झालं होतं. तो कॉम्प्युटरवर गेममधली पात्रं घडवायचा, आणि ताटं मांडायची वेळ झाली की कॉम्प्युटर उचलून पलंगावर ठेवायचा. सासरे दातांचे डॉक्टर. बायकोही त्यांच्याच हाताखाली दात उपटायची. खाली दवाखाना, वर एक रिकामी खोली, आणि त्या खोलीची किल्ली सासऱ्यांच्या खिशात.

"जावईबापू, खोली देतो," डॉक्टर एकदा म्हणाले, "पण आधी काहीतरी करून दाखवा. पेशंट बाहेर बसून कंटाळतात. त्यांच्यासाठी गेम करा. दातांतले किडे मारायचा. हीरो मी."

हीरो हुबेहूब हवा होता. जावयाने सासऱ्यांच्या चेहऱ्याचे, उघड्या तोंडाचे ढीगभर फोटो काढले आणि कॉम्प्युटरमध्ये घडवलेल्या हीरोच्या पुतळ्यावर चढवले. अशा चढवलेल्या चित्राला टेक्स्चर म्हणतात. ते जितकं मोठं, तितका माणूस खरा दिसतो आणि तितकंच मशीन रडतं. दवाखान्यातला टॅबलेट तर आधीच म्हातारा. गेम सुरू झाला आणि हीरो एक पाय वर करून तसाच थिजला.

"हा मी? खांबाजवळचा कुत्रा वाटतोय!"

"फाईल मोठी झालीय, बाबा."

"मग लहान करा! चेहरा मात्र बिघडता कामा नये."

असं सांगणारे लोक जगात पुष्कळ आहेत, आणि सगळे कुणाच्या तरी डोक्यावर बसवलेले आहेत.

जावयाने चित्रं लहान केली. डॉक्टर धुरकट झाले. "मोतीबिंदू मला झालाय की तुम्हाला?" मग त्याने धंद्यातली युक्ती काढली. अर्धाच चेहरा ठेवायचा आणि तोच उलटून दुसऱ्या बाजूला लावायचा. फाईल निम्मी झाली, पण गालावरचा तीळ दोन्ही गालांवर आला.

"बाबा, तुम्ही एकटेच जुळे दिसताय," लेक म्हणाली.

तीळ पुसला. टॅबलेट तरी धापा टाकतच होता. उरले दात. बत्तीस दातांची बत्तीस चित्रं, कारण डॉक्टरांचं म्हणणं, "दात म्हणजे माझी पाटी!" जावई वैतागला. त्याने ठरवलं, एकच दात ठेवायचा, तोच सगळीकडे लावायचा. पुढच्या दातांवर फ्लॅश चमकला होता. मागची एक दाढ तेवढी बिनचमकेची सापडली. तिच्यावर काहीतरी काळसर होतं. सावली असेल म्हणून त्याने सोडून दिलं. गेम पळायला लागला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पेशंट एक आजीबाई. किडे मारून त्या चक्क जिंकल्या. कुणी जिंकलं की हीरो पडदाभर हसायचा. तो हसला.

"अगं बाई! डॉक्टर!" आजीबाई ओरडल्या. "मला दोनदा घासा म्हणून दटावता, आणि तुमच्या तोंडात हे? बत्तीसच्या बत्तीस किडलेत की!"

सगळे टॅबलेटभोवती जमले. एक जण तर पिशवी उचलून घरी निघाला.

डॉक्टरांनी जावयाला आत ओढून दार लावलं.

"कुठल्या पेशंटचं घाणेरडं तोंड लावलंत मला? खोली विसरा आता!"

"फोटो तुमचाच आहे, बाबा."

"माझा? अहो, उभा जन्म मी लोकांची..."

"उजवीकडची, खालची. शेवटून दुसरी."

डॉक्टरांनी छोटा आरसा तोंडात घातला. बराच वेळ बाहेर काढलाच नाही. काढला तेव्हा आवाज पार उतरला होता.

"बाहेर काय सांगाल?"

"गेममध्ये चूक झाली. माझी चूक. सगळ्यांसमोर कान धरतो."

डॉक्टरांनी खिशातली किल्ली काढून दिली.

जावयाने त्याच दुपारी खोली झाडली, खिडकी पुसली, कॉम्प्युटर मांडला. खुर्चीत रेलून पाय पसरतो न पसरतो तोच बायको दारात. हातात दिवा आणि अवजारांची पेटी. मागे डॉक्टर, गालावर रुमाल.

"उठ. बाबांना बसू दे. खाली केलं तर पेशंट बघतील, इथेच करावं लागणार."

"एकच तर दाढ आहे! तासाभराचं काम."

"एकच तुझ्या नजरेला पडली. मी आत्ता बघितलं. अजून सहा आहेत."

"अगं, मग किती दिवस? बाबा, तुम्ही तरी सांगा!"

बाबांनी नक्की काहीतरी सांगितलं असतं. पण तोवर लेकीचा हात त्यांच्या तोंडात गेला होता. त्यांनी नुसतंच बोटाने जावयाला दार दाखवलं.