दहा मिनिटांचे पाहुणे

कराडात बँकेचा ओटीपी माणसाच्या रूपात घरी येतो, दहा मिनिटं बसतो आणि उठून जातो. मंगळवारी सकाळी अकराला सुमती वाळिंबे यांच्याकडे करड्या सफारीतला एक साठीचा गृहस्थ आला. चपला बाहेर काढून तो खुर्चीत टेकला.

"मी तर काही मागवलं नव्हतं," सुमतीबाई म्हणाल्या. त्या शिवणकामाच्या निवृत्त शिक्षिका. एकट्या राहायच्या, आणि आयुष्यभराची पुंजी त्याच एका खात्यात होती.

"कोणीतरी मागवलंय," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. "मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड आज बंद होतंय. आमचा माणूस आलाय ना? कोपऱ्यावर रिक्षा उभी आहे, त्यात बसवून द्या. लवकर करा!"

सुमतीबाईंनी फोनवर हात ठेवला. "जाता का हो?"

"तुम्ही सांगितलंत तर जावं लागेल. आम्हाला नाही म्हणता येत नाही."

"गेल्यावर काय कराल?"

"रिक्षातला माणूस म्हणेल तिथे तुमचं खातं उघडून देईन." तो खुर्चीत पुढे सरकला. "पण बाई, मी बँकेतूनच आलोय. मला न्यायला बँक रिक्षा कशाला पाठवेल?"

सुमतीबाईंना ते पटलं. "ते कुठे जाणार नाहीत," त्यांनी फोनवर सांगितलं आणि तो ठेवून दिला.

अकरा दहाला गृहस्थ नमस्कार करून निघाला. फाटकापर्यंत पोचता पोचता तो उरला नाही.

लगेच दुसरा आला, एक लाजाळू तरुण. मग एक कीर्तनकार. रिक्षातल्याने हट्टच धरला होता, पुन्हा पुन्हा नवा ओटीपी मागवत होता. शेवटी सुमतीबाईंनी कार्डाच्या मागचा बँकेचा नंबर फिरवला.

"कार्ड बंद केलंय, तक्रारही नोंदवली," पलीकडची मुलगी म्हणाली. "पैसे सुरक्षित आहेत. आत्ता घरात कोणी बसलंय का?"

"एक बाई आहेत. नुकत्याच आल्यात."

"त्यांचा आता उपयोग नाही. जायला सांगितलंत तरी चालेल."

सुमतीबाईंनी पाहिलं. बाईंनी पदर खोचून, न सांगता, टेबलावरची मटारची पाटी पुढ्यात ओढली होती.

"सहा मिनिटं आहेत त्यांची अजून," सुमतीबाई म्हणाल्या. "बसू देत."

आणि त्याही समोर बसून शेंगा सोलू लागल्या.