हातचा एक हरपला व खिडकीतून परत आणिला, त्याची बखर

स्वस्ति. शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरी, लोणंदाअलीकडील एका गावी इयत्ता चौथीच्या तख्तावर विजयमालाबाई विराजमान असता अंकगणितावर जो बाका प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा लिहितो. वाचणारांनी आधी बोटे मोकळी करून घ्यावी, पुढे लागतील.

विजयमालाबाईंचे माहेर माधवनगर. गिरणीच्या खडखडाटात बालपण गेले, त्यामुळे आवाज ऐसा, की मनात आणिल्यास ओढ्यापलीकडील म्हैस माघारी वळावी. परंतु मास्तरीण झाल्यापासून तो त्यांनी म्यानात घातला होता. त्यांनी पाहिले जे, आषाढात शिकविलेले गणित पोरे दिवाळीच्या फराळाबरोबर पचवून मोकळी होतात, आणि बहुत कष्टी झाल्या, आणि मग मसलत केली की पैलवान आखाड्यात उतरण्याआधी जोर-बैठका मारितो, तद्वत पोरांनी रोज प्रार्थना होताच दहा मिनिटे मागील गणिते सोडवावी, डोके तापवावे, आणि मग नव्या धड्यास भिडावे. पोरांनी त्यास नाव ठेविले ‘डोक्याच्या बैठका’. आणि हातचा विसरू नये म्हणोन बाईंचे फर्मान सुटले जे, बेरजेत हातचा आला की डाव्या हाताचे बोट वर धरावे, आणि तो मिळविल्याखेरीज खाली आणू नये.

आता याच समयी खिडकीबाहेर पटांगणात पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार हंबीरराव सातवीच्या फौजेकडून कवायत करवीत. त्यांनी हेडमास्तर दादासोंकडे अर्ज गुदरला, "आवं, चौथीची पोरं बी द्या की माज्याकडं. बसून बसून पार मऊ झाल्याती." दादासोंस बैठकांचे हे खूळ आधीच सलत होते. मग हुकूम निघाला जे, साताऱ्याहून दिपोटीसाहेब शाळा तपासावयास येणार, त्यांजसमोर चौथीने बेरीज चुकविल्यास दहा मिनिटांची जहागीर बाईंकडून खालसा होऊन सुभेदारांस बहाल होईल.

हुकूम ऐकोन बाईंस घोर लागला. कारण मामला मोठा चमत्कारिक होता. रोज सकाळी बैठकांत अवघ्या वर्गाची उत्तरे दहाने कमी येत, आणि तीच गणिते मधल्या सुट्टीत चिंचेखाली घातली तर तीच पोरे फडाफडा बरोबर सांगत. बाईंनी खडू बदलिला, फळा हलविला, बाकांची उलथापालथ केली, आणि अखेर गुंडा नामे वर्गातील अव्वल शिलेदार, त्यास एकांती पुसिले. तो कळवळून म्हणाला, "बाई, हातचा घेतल्याला असतुय वो, पर कुठं जातुय त्येच कळंना!" बाईंस अन्न गोड लागेना.

मग दिपोटीसाहेब यष्टीतून उतरले, आणि हार झाले, आणि चहा झाला, आणि प्रार्थना होताच साहेब बगलेत छत्री मारून चौथीत शिरले. मागोमाग दादासो. साहेबांनी गुंडास फळ्याशी बोलावून अठ्ठेचाळीसात सदतीस मिळविण्याचे फर्मान सोडिले. गुंडाने आठ आणि सात पंधरा केले, आणि पाच मांडिले, आणि हातचा एक बोटावर उंच धरिला. बाकांवरही बोटांचे भाले उभे राहिले. आणि तो चार-तीनाकडे वळतो, इतक्यात खिडकीबाहेर हंबीररावांची तोफ डागली:

"हाऽऽत... खाली!"

तत्क्षणी गुंडाचे बोट खाली. अवघ्या चौथीची बोटे खाली.

"पंच्याहत्तर," गुंडा म्हणाला, आणि दादासो गालातल्या गालात हसले.

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! म्हणजे इतके दिवस चोर या खिडकीत होता होय! मग त्यांनी पदर खोचिला, आणि माधवनगरचा आवाज म्यानाबाहेर काढिला, आणि खिडकीचे गज धरून गर्जना केली:

"हाऽऽत वर!"

कौले थरारली. चिंचेवरचे कावळे उडाले. सातवीचे हात वर गेले; हंबीरराव हुकुमाचे पक्के, त्यांचेही गेले; दादासोंचे गेले; आणि दस्तुरखुद्द दिपोटीसाहेबांचा हात छत्रीसुद्धा वर जाऊन छत्री फाडदिशी उघडली. आणि गुंडाचे बोट, तेही वर!

"घावला!" गुंडा नाचू लागला. "बाई, हातचा घावला! पंच्याऐंशी!"

"पंच्याऐंशी!" अवघी चौथी ओरडली. बाईंस हर्ष ऐसा झाला की हसावे की रडावे कळेना, म्हणोन त्यांनी दोन्ही केले.

पटांगणातून विनवणी आली, "बाई, आता सोडू का खाली? खांदं लय भरून आलं!"

"थांबा सुभेदार," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अजून एक बेरीज घालते!"

मग तहाची कलमे छत्रीखालीच ठरली. दहा मिनिटे चौथीकडे इनाम करार झाली, आणि दादासोंनी मान तुकविली, आणि सुभेदारांनी चौथीस पुसल्यावाचून हात खाली घेऊ नये ऐसे ठरले. सुभेदारांनी शब्द राखिला. दुसरे दिवशी प्रार्थना होताच बाईंनी फळ्यावर बेरीज मांडिली, बोटे वर गेली, आणि पटांगणातून तोच पहाडी आवाज आला, "चौथी! हातचा मिळिवला का रं गड्यांनू?" चौथीने होकार भरला, आणि मगच हात खाली आले.

येणेप्रमाणे हातचा एक सहीसलामत आपले जागी दाखल होऊन फत्ते झाली, ती येथे नोंदिली असे.