मोरछाप दावा

सन १९३४ च्या मार्चमध्ये बुलढाण्याच्या सबजज्ज कोर्टाने 'वादी गैरहजर, प्रतिवादी हजर' अशी नोंद करून डोणगावच्या फकीर मोहम्मदचा दावा काढून टाकला. त्या वेळी फकीर मोहम्मद कोर्टाच्या दारापासून तीन हातांवर उभा होता, जागा होता, आणि पुकारा त्याने ऐकला होता.

त्याचे वकील महादेवराव तेव्हा शेजारच्या कोर्टात उलटतपासणी घेत होते. परत येऊन पाहतात तो दावा गेलेला आणि अशील व्हरांड्यात निवांत पान चघळत बसलेला. महादेवराव कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते. कारणाशिवाय कार्य घडते यावर त्यांचा विश्वास नव्हता. दैवावर तर मुळीच नव्हता.

फकीर मोहम्मद बैलांचे चामडी सामान करी आणि त्यावर बापाच्या वेळचा मोराचा छाप मारी. त्याचा भागीदार कय्यूम भागी मोडून निघाला, त्याने समोरच दुकान थाटले, आणि त्याच्याही मालावर मोर उमटू लागला. मोर कोणाचा, एवढाच दाव्याचा प्रश्न. दावा एकदा असा गेला की त्याच कारणासाठी दुसरा लावता येत नसे. हाच पुन्हा नंबरावर घ्या, असा अर्ज तेवढा करता येई. पण त्यात गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागे, आणि अशील तर हजर होता.

महादेवरावांनी प्रथम कान तपासला. खिशातले घड्याळ चार हातांवर धरले.

"ऐकू येतं?"

"येते. पण तीनदा टिकटिक करते अन् एक खेप अडकते. साफ करून घ्या, वकीलसाहेब."

पुढे घड्याळजीनेही तेच सांगितले. कान निर्दोष ठरला.

"मग पुकारा झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"जवाब देल्ला. चपराशी वरडला, 'वादी हाजर?' म्या म्हटलं, वादी आतच हाये, सायबाच्या मेजावर. त्यानं आत पाह्यलं अन् गेला."

महादेवरावांना आता आठवले. मोराच्या छापाची हातभर चामड्याची पट्टी त्यांनीच मागल्या तारखेला पुरावा म्हणून दाखल केली होती. तिला वादी म्हणतात.

"फकीरमिया, वादी म्हणजे तुम्ही. दावा लावणारा."

"मी काऊन वादी होईन?"

"अहो, सबंध दावा तुम्हाला वाचून दाखवला होता. 'वादी डोणगावात राहतो, वादी हा सचोटीने धंदा करतो.'"

"आयकलं न. आमी वादीले 'राह्यते' म्हंतो, तुमी 'राहतो' म्हटलं. म्या समजलो, शिकल्या लोकाइची मराठी अशीच असंन. तुमची चूक काहाले काढू?"

महादेवरावांनी हे सारे जसेच्या तसे अर्जात लिहिले. तारखेला कय्यूमचे वकील पंजाबराव उठले.

"साहेब, माझा अशीलही हाच धंदा करतो. त्याच दिवशी, त्याच चपराशाचा पुकारा ऐकून तो बरोबर हजर झाला. मग अर्जदारालाच तेवढा शब्द कसा कळू नये?"

महादेवरावांना हा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड वाटला. साहेब कय्यूमकडे वळले.

"पुकारा झाल्यावर तुम्ही काय केलं?"

"आत आलो अन् ठेवून देल्ली."

"काय ठेवून दिली?"

"चपराशी म्हणे, 'प्रतिवादी हाजर?' प्रत म्हंजे नक्कल, येवढं मले समजते, सायेब. असली वादी याहीची मेजावर होतीच. तिच्यावरून म्या केलेली तिच्या बाजूले ठेवली."

पंजाबराव खाली बसून कागद चाळू लागले. शोध घेता ती प्रत सापडली. कारकुनाने महिनाभर दप्तराचा गठ्ठा तिनेच बांधून ठेवला होता. साहेबांनी दोन्ही वाद्या शेजारी शेजारी धरल्या. दोन्ही मोरांना डाव्या पायाचे एक बोट नव्हते.

मग त्यांनी हुकूम लिहिला: 'दावा पुन्हा नंबरावर घ्यावा. प्रतिवादीने स्वतः हजर केलेली प्रत निशाणी दोन म्हणून नोंदवावी. गैरहजेरीचे कारण: चपराशाने नावे न घेता पुकारा केला, आणि ऐकणारे दोघेही वाद्या करणारे होते.'