कुंदाताईंची अट

घर विकत घ्यायचं असलं की कुंदाताई आधी त्याच्या जमिनीवर आडव्या होतात. पर्स उशाला, चष्मा पोटावर, डोळे मिटलेले. शेजारी एजंट अवघडून उभा. बऱ्याच वेळाने त्या उठतात आणि निदान सांगतात, "मागच्या भिंतीत ओल आहे. छप्पर दमलंय, पण पाया ठणठणीत. घेऊ."

पहिल्यांदा मला वाटलं, बाईंना चक्कर आली. मी पाणी आणायला धावलो होतो.

नोकरीतून मोकळा झाल्यावर जुनी घरं घ्यायची, दुरुस्त करून विकायची, हा धंदा शिकावा असं माझ्या मनात आलं. रत्नागिरीत त्यात मुरलेल्या म्हणजे आमच्याच आळीतल्या कुंदाताई. पासष्टी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. मी भागीदारीचं विचारलं तर म्हणाल्या, "पैसे घाल, अक्कल घालू नकोस. वर्षभर नुसतं बघायचं. कबूल?"

आणि काय काय बघितलं! चिऱ्याच्या भिंतीवर टकटक करून त्या आतलं पोकळ शोधत. तुळईला कान लावून वाळवी ऐकत. गवंड्याने चुकवाचुकवी केली तर ओरडत नसत. "मेल्या, इथे तुझी आई राहणार असती तर?" एवढंच विचारत. तो मुकाट्याने भिंत फोडून परत बांधायचा. त्या घरांशीही बोलत. "थांब हां बाय, आज तुझी कौलं उतरवते." मी आ वासून बघत राहायचो.

आमचं भागीदारीतलं पहिलं घर पावसजवळचं, इब्राहिमचाचांचं. चाचा एकटे. मस्कतचा मुलगा त्यांना कायमचं घेऊन निघाला होता. माजघर अंधारं होतं. ताईंनी भिंतीत एक खिडकी काढली आणि सगळ्या घराचा चेहरा बदलला.

मुंबईचं गिऱ्हाईक आलं. आमची किंमत त्याने एका बोलात मान्य केली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. तेवढ्यात ताईंनी विचारलं, "जुना मालक आला तर काय कराल?"

"कोण?"

"इब्राहिमचाचा. सुट्टीला येतील. पडवीत बसवायचं, चहा द्यायचा, घर फिरू द्यायचं."

तो हसला. "मॅडम, घर विकताय की धर्मशाळा?"

ताईंनी चावी पर्समध्ये टाकली. "नाही विकायचं."

परत येताना रिक्षात मी भडकलो. "ताई, माझी सगळी पुंजी अडकलीय यात!"

त्या बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमचं घर विकल्यावर बाबा रोज तिकडे फिरायला जायचे. नुसते कुंपणाच्या गडग्यापाशी उभे राहायचे. एकदा नव्या लोकांनी हटकलं, चोर समजून. मी त्यांचं बोट धरून होते. परत त्या रस्त्याने ते कधी गेले नाहीत."



अख्खा पावसाळा घर तसंच राहिलं. शेवटी एका शिक्षक जोडप्याने थोड्या कमी किमतीत घेतलं. अट ऐकून त्यातली सुनीता म्हणाली, "नुसता चहा का? जेवूनच जातील की."

मे महिन्यात चाचा खरंच आले. ताई आणि मी त्यांना घेऊन गेलो. ते खोल्याखोल्यांतून फिरले, नव्या खिडकीपाशी थबकले. "इतकी वर्षं इथे झोपलो," म्हणाले, "हे माड कधी दिसलेच नाहीत."

ताई मात्र फाटकाबाहेर रिक्षातच बसलेल्या. मी बोलवायला गेलो. "मी कशाला? माझं काम झालं."

माझ्यामागून सुनीता बाहेर आली. "ताई, जुनी मालकीण आली तर आत बसवायचं, असं ठरलंय ना?"

"मालकीण? कोण?"

"तुम्ही."

इतकी घरं त्यांच्या हातून गेली. परत या, असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नसावं. त्या उतरल्या, पडवीपर्यंत आल्या, चपला काढायला वाकल्या, आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.