झुंबर परत येतो की नाही

गायधनी सरांच्या पिंडाला कावळा शिवायला तयार नव्हता. गोदाघाटावर त्या सकाळी दहाव्याचे आणखीही विधी चालले होते, आणि त्यांचे कावळे वेळेवर येऊन, भात खाऊन मोकळे झाले होते. सरांच्या वाट्याचा कावळा तेवढा समोरच्या भिंतीवर बसून राहिला. पिंडाकडे बघायचा, मान वाकडी करायचा आणि पुन्हा नदीकडे तोंड फिरवायचा. सर असते तर म्हणाले असते, "पोट भरलेला प्राणी अन्नाला तोंड लावत नाही, यात गूढ काही नाही." पण सर नव्हते, म्हणून तर हे सगळं चाललं होतं.

पुंजाराम गायधनींनी हयातभर नाशकातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. देव, भूत, मुहूर्त यांतलं त्यांना काही म्हणजे काही मान्य नव्हतं. त्यांच्या पत्नीला, यशोदाबाईंना, सगळंच मान्य होतं. दोघांचा संसार छान झाला. सर गेले ते आरामखुर्चीत, रविवारची पुरवणी हातात धरून. तेव्हापासून यशोदाबाईंच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या एकच सांगायच्या, "यांचा जीव कशात अडकलेला नाही एवढं कळू दे. मग मी रडायला मोकळी."

विधीला बसला होता सरांचा धाकटा भाऊ कोंडाजी, दिंडोरीकडचा द्राक्षबागाईतदार. त्याने हात जोडून सुरुवात केली. "आण्णा, वहिनीची काळजी करू नका. मी हाय."

कावळा ढिम्म.

"यंदा द्राक्षाची पहिली पेटी तुमच्या घरी यील." कावळ्याने पंख खाजवले. कोंडाजीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बांधावरचा आंबा तुमच्या हिश्शातला व्हता. कबूल."

हे ऐकून भाऊबंदांत कुजबुज झाली, पण कावळ्याला आंब्यातही रस दिसेना.

गुरुजींना पुढचे यजमान खुणावत होते. ते म्हणाले, "आपण दर्भाचा कावळा करू आणि तो शिववू. शास्त्राला चालतं."

"मला चालत नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "जन्मभर यांनी खोटं काही चालू दिलं नाही. आता गवताचा कावळा शिववता होय?"

मग त्या मागे वळल्या. मागे छत्रीच्या सावलीत निकुंभ सर उभे होते, आणि आपल्याला कोणी बघू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं.

जयराम निकुंभ त्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि पुरवणीत दर रविवारी एक विज्ञानकथा लिहायचे. त्या वर्षी आपल्या देशाचा माणूस अवकाशात जाऊन आला होता, तेव्हा यांच्या नायकानेही जायला हरकत नव्हती. नायक देवळा गावचा, नाव झुंबर. कांद्याचं पोतं घेऊन गडी एकटाच मंगळाच्या पलीकडे गेला होता. रविवारी झुंबर जे पराक्रम करायचा, त्यांची चिरफाड गायधनी सर सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर करायचे. चूक दिसली की त्यांना राहवायचंच नाही. एकदा थिएटरात अवकाशातल्या लढाईचा सिनेमा लागला होता. स्फोटाचा आवाज झाला तसे सर अंधारात उठून म्हणाले, "तिथे हवाच नाही, मग आवाज येतोय कशातून?" मागच्याने "तुझ्या डोक्यातून" असं सांगून त्यांना खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा तिकीट काढून गेले. चुका नीट बघायच्या राहिल्या होत्या म्हणे.

शेवटी शेवटी निकुंभांनीच घोळ घातला. उल्का चुकवताना झुंबरचं सगळं इंधन संपलं, असं लिहून बसले. सोमवारी गायधनी सर म्हणाले, "मेला तुमचा झुंबर."

"माझ्या गोष्टीत माणसं मरत नाहीत."

"मग ती गोष्ट नाही, थाप आहे."

"तुम्हाला गोष्टीतलं काय कळतं?" निकुंभ म्हणाले, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. पुढच्या रविवारी 'शेवटचा भाग पुढील अंकी' असं छापून आलं. ते वाचून सर गेले. शेवटचा भाग काही आला नाही. निकुंभांच्या हातून लिहूनच होईना.

"तुमचंच वाचत होते," यशोदाबाई आता सगळ्यांदेखत म्हणाल्या. "'बघू, आता हा त्याला परत कसा आणतो,' एवढं म्हणाले आणि मान टाकली."

घाटावरच्या सगळ्यांनी निकुंभांकडे पाहिलं. आंब्यातून सुटका झाल्यामुळे कोंडाजीचा चेहरा जरा उजळला. "मंग सांगून टाका ना शेवट, मास्तर. आण्णांचा जीव तिथंच अडकलाय."

"अजून सुचलेला नाही."

"मंग इथं सुचवा. ऊन व्हायलंय."

निकुंभ पुढे आले, छत्री मिटली आणि कावळ्याकडे तोंड करून घसा साफ केला. "मागील भागात आपण पाहिलं की—"

"तो भाग यांनी वाचलाय," यशोदाबाई म्हणाल्या. "पुढचं सांगा."

"झुंबरला एक धूमकेतू दिसतो. त्याच्या शेपटीला यान अडकवून तो पृथ्वीकडे..."

कावळा भिंतीवरून उडाला आणि लांबच्या विजेच्या खांबावर जाऊन बसला.

"शेपूट म्हणजे नुसती धूळ आणि वाफ असते," यशोदाबाई म्हणाल्या. "हे सांगायचे."

"बरं, शेपूट नको. मागून दुसरं यान येतं. झुंबर खिडकीतून जोरात हाक मारतो."

"हाक ऐकू जाणार नाही," गुरुजी एकदम म्हणाले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, तसे ते ओशाळले. "मी सरांच्याच वर्गात होतो. सहामाहीला यायचा हा प्रश्न."

कोंडाजीला आता गोष्टीची गोडी लागली होती. "आमचा टेम्पो पिंपळगावपाशी डिझेल संपून हुबा राह्यला व्हता. मी उतरलो आन चालत आलो. ह्याचं तसं नाय का जमणार?"

"तिथे यान थांबत नाही," निकुंभ म्हणाले. "एकदा निघालं की जातच राहतं."

"मंग लय बरं की."

"कसलं बरं? थांबायला डिझेल पाहिजे, वळायला डिझेल पाहिजे. ते नाही म्हटल्यावर तो लांब लांबच जाणार."

"आन कांदे?"

"संपत आलेत."

"आन श्वासापुरती हवा?"

हे गणित सरांनी निकुंभांना त्या सोमवारीच फळ्यावर करून दाखवलं होतं, आणि ते बरोबर आहे हे मराठीच्या मास्तरालासुद्धा तेव्हाच कळलं होतं. त्यांनी खांबाकडे पाहिलं. कावळा वाट बघत होता. यशोदाबाई तर त्याच्याहून जास्त वाट बघत होत्या.

"झुंबर परत येत नाही," निकुंभ म्हणाले. "शेवटचा कांदा फोडून खातो. खिडकीपाशी बसतो. पृथ्वी एवढीशी दिसते, मग दिसेनाशी होते. घरी सगळे वाट बघतात. पण तो येत नाही. येऊच शकत नाही. सर, तुमचं बरोबर होतं."

कावळा खांबावरून सरळ खाली आला, पिंडाला चोच लावली आणि भाताचा घास घेऊन उडाला. एवढ्या वेळात त्याला पुन्हा भूक लागली असणार, असं सर नक्की म्हणाले असते.

"शिवला," गुरुजी म्हणाले आणि लगेच पुढच्या यजमानांकडे गेले. कोंडाजीने घाईघाईने नमस्कार केला. आंबा कबूल करून आपण चूक केली हे त्याच्या ध्यानात आलं होतं. यशोदाबाई तिथेच पायरीवर बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. दहा दिवसांचं साठलेलं रडणं, ते आवरेना. बायकांनी त्यांना धरलं. निकुंभ सर मिटलेली छत्री घेऊन उन्हातच उभे राहिले.

सगळे निघाले तेव्हा त्यांनी यशोदाबाईंना पायऱ्या चढायला हात दिला. "वहिनी, आज रात्री लिहून देतो. सांगितला तसाच शेवट. सरांना पटला तसा."

यशोदाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"छापताना परत आणा त्याला," त्या म्हणाल्या.

"अहो, पण ते कसं शक्य आहे? शास्त्राप्रमाणे—"

"शेपटीला धरून आणा, नाहीतर कशालाही धरून आणा. आता चुका काढायला घरात कोण आहे?"