जावयांनी न फोडलेले बूड

वस्तू कशाने मोडली यापेक्षा ती कोणाच्या हातून मोडली, यावर तिची दुरुस्ती अवलंबून असते. घरच्याने मोडली तर आरडाओरडा करून दुरुस्त करता येते. शेजाऱ्याने मोडली तर बोलणे बंद करून करता येते. जावयाने मोडली तर ती मुळात मोडलेलीच नसते. आणि न मोडलेली वस्तू दुरुस्त करणे हे अत्यंत कौशल्याचे काम आहे.

तळ्याकाठी राहणाऱ्या एका निवृत्त हेडक्लार्कना हे ज्ञान उशिराच झाले. पाणीपुरवठा कार्यालयात जन्मभर पाण्याच्या फायली हलवल्यावर एकदा प्रत्यक्ष पाणीही पाहावे, या हेतूने त्यांनी वॉटर स्कूटर घेतली होती. रोज सकाळी ते तळ्याला एक फेरी मारत (वेग: काठावरून चालणारे लोक हात करून पुढे जात). रविवारी जावई आले. त्यांनीही फेरी मारली (वेग: जावयांना विचारायची पद्धत नाही) आणि काठ आल्याचे त्यांना खडकाकडून समजले. आवाज सगळ्यांनी ऐकला.

"काही नाही बाबा, जरा घासली," जावई उतरता उतरता म्हणाले.

"छे छे, चालायचंच!" हेडक्लार्क म्हणाले.

पाहुणे गेल्यावर स्कूटर काठावर ओढून कलती केली, तर प्लॅस्टिकच्या बुडाला पंजा आत जाईल एवढी चीर. तिच्यातून पाणी वाहतच राहिले. इतका अखंड पुरवठा हेडक्लार्कनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

"लेकीला फोनवर एक अक्षर बोलायचं नाही हं," पत्नीने बजावले.

"मी कुठं काय म्हणालो?"

"तोंडावर लिहिलंय तुमच्या. आणि रविवारी ते परत येतायत. चिमीला पुढ्यात बसवून फिरवणार म्हणे."

चिमी म्हणजे नात. आता प्रश्न प्लॅस्टिकचा राहिला नाही. गळक्या स्कूटरवर नातीला बसवणे शक्य नव्हते, आणि ती गळते हे सांगणे त्याहून अशक्य होते. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावले. त्याने चिरेत बोट घालून विचारले, "कुणी आपटली?"

"कुणीच नाही."

"म्हणजे जावई," मेकॅनिक म्हणाला. त्याच्या अनुभवानुसार फुटलेल्या दर दहा बुडांपैकी सहा खडकावर, तीन धक्क्यावर आणि एक गाडीवरून उतरवताना फुटते. दहाच्या दहा कोणीही फोडलेली नसतात.

"वरून काही चोपडून भागायचं नाही, काका. ह्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी गरम हवेनं वितळवून सांधावं लागेल. पक्कं होईल, पण वळ दिसणार."

वळ दिसला की जावई ओशाळणार, जावई ओशाळले की लेक गप्प होणार, आणि लेक गप्प झाली की स्वयंपाकघरातली भांडी बोलू लागणार. तेव्हा सबंध बूडच बदलण्याचा ठराव (एकमताने; ते एक मत पत्नीचे होते) मंजूर झाला. इंजिन, नळ्या, वायरी, सीट, सगळे उतरवून नव्या बुडात बसवले.

नवे बूड आरशासारखे चकाकले, आणि पत्नीने कपाळावर हात मारला. "अहो, ह्याच्यापेक्षा चीर बरी होती!"

मग जुने फोटो काढून, पॉलिश पेपरने, नव्या बुडावर जुने ओरखडे पाडण्याचे काम सुरू झाले. बूड बसवण्यापेक्षा ते खराब करायलाच जास्त वेळ लागला. धक्क्याचा ओरखडा. खुद्द हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी पाडलेला ओरखडा (जो घरात आजवर कुत्र्याच्या नावावर होता). शेवटी मेकॅनिक खडकाच्या जागेवर थांबला.

"इथं काय करू?"

"हलकासा ओढ एक. अगदीच स्वच्छ ठेवलं तर टोमणा मारल्यासारखं दिसेल."

रविवारी जावई आले ते थेट खाली वाकले. हेडक्लार्क चहा घेऊन लगबगीने मागे आले.

"बाबा, खरं सांगू? त्या दिवशी चांगलीच आपटली होती. आठवडाभर झोप नाही मला. म्हटलं, बूड गेलं असेल तर नवं घालून द्यायचं, पायाही पडायचं. आणि बघा, नुसता ओरखडा!" त्यांनी बुडावर थाप मारली. "मीच उगाच मनाला लावून घेतलं."

"चालायचंच," हेडक्लार्क क्षीणपणे म्हणाले.

चिमीची फेरी झकास झाली. तिला काठावर उतरवून जावयांनी स्कूटर वळवली.

"आता गंमत बघ हं चिमे! आजोबांच्या गाडीला खडकसुद्धा काही करू शकत नाही!"

आवाज सगळ्यांनी ऐकला.

"काही नाही!" जावई पाण्यातून ओरडले.

"चालायचंच!" काठावरून नवरा-बायको दोघेही ओरडले, आणि हेडक्लार्क मेकॅनिकला फोन लावायला आत गेले.

आपण हसलात, हे योग्यच झाले. आपणही कोणाच्या तरी घरी हक्काने जाता, तिथल्या वस्तू मोकळेपणाने वापरता, आणि आपल्या हातून तिथे आजवर काहीही मोडलेले नाही. पुढच्या वेळी गेलात की एकदा खाली वाकून बघा. ओरखडे फार मन लावून पाडलेले असतील.